महिन्यातून एक संध्याकाळ, बिनपातीची
(धार आणि देवास येथील मराठी भाषकांच्या संयुक्त मेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. – संपादक)

अध्यक्ष महोदय, धारहून मुद्दाम आलेले पाहुणे, देवासची सर्व वडीलधारी मंडळी, भगिनींनो आणि मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या तरुण मित्रांनो,

दाराजवळच्या मंडळींचा वेगळा उल्लेख केला, कारण आज मला दाराबद्दलच बोलायचे आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात प्रवेशिका तपासायचे काम माझ्याकडे होते. आत भावगीते चालली होती. गल्लीतला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा येऊन फाटकाशी उभा राहिला. तबल्याच्या ठेक्यावर त्याची बोटे फाटकाच्या गजावर चालत होती आणि ती अगदी तालात होती. त्याने विचारले, "अंकल, अंदर बैठ जाऊँ?" मी म्हणालो, "बेटा, ये समाज का प्रोग्राम है." तो काही बोलला नाही, थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. आत मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या.

मला त्या वेळी काही चुकल्यासारखे वाटले नाही. नियम होता, तो मी पाळला. पण आज आपली सभासद यादी बघतो, समोरच्या खुर्च्यांवर पिकलेले केस बघतो, आणि त्या मुलाची बोटे आठवतात. म्हणून आज एक ठराव घेऊन आलो आहे. तो शेवटी मांडीन. आधी त्याची पार्श्वभूमी सांगतो.

दोन पात्यांचे गाव

देवासच्या लोकांना हा इतिहास पाठ आहे, धारच्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार बंधूंकडे देवास आले आणि एका गावाची दोन राज्ये झाली. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. गाव एक, टेकडी एक, पण राजे दोन आणि दरबार दोन. रस्त्याच्या अलीकडचा माणूस एका राजाची रयत आणि पलीकडचा दुसऱ्याची. 1948 साली मध्य भारतात संस्थाने विलीन झाली आणि पात्या कागदोपत्री संपल्या.

कागदोपत्री संपल्या, असे मी मुद्दाम म्हणतो. आज गावात कलेच्या किती पात्या आहेत, मोजून बघा. आपला गणेशोत्सव, आपली कोजागिरी, आपले हळदीकुंकू ही एक पाती. दर्ग्यावरची कव्वाली ही दुसरी. खेड्यापाड्यांतून रात्र रात्र कबीर गाणाऱ्या मंडळ्या ही तिसरी. प्रत्येक पातीत चांगले गाणारे आहेत आणि त्यांना एकमेकांची नावेसुद्धा माहीत नाहीत.

पूर्वी सगळे आलबेल होते, असे मला म्हणायचे नाही. तरी एक गोष्ट ऐका. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले होते. त्यांच्या इथल्या पत्रांचे पुस्तक 'द हिल ऑफ देवी' 1953 साली निघाले. जुन्या राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी बारकाईने लिहून ठेवला आहे. दिवसेंदिवस भजन, गर्दी, गुलाल, आणि महाराज स्वतः भजनकऱ्यांत मिसळून नाचताहेत. त्याआधी 1924 साली आलेल्या 'अ पॅसेज टू इंडिया' या त्यांच्या कादंबरीच्या शेवटच्या भागात हाच उत्सव आहे, आणि त्यात प्राध्यापक गोडबोले नावाचे मराठी गृहस्थ भजन गातात ते तुकोबांच्या नावाचे. इंग्रजी वाचणाऱ्या जगापर्यंत तुकारामाचे नाव पोचवणाऱ्या वाटांपैकी एक वाट आपल्या गावच्या राजवाड्याच्या चौकातून गेली. बाहेरचा माणूस येऊन बसला, म्हणून ती गेली.

राजा गेला, गाणे राहिले

संस्थानांनी कलेला आश्रय दिला, हे खरे आहे. उस्ताद रजब अली खाँसाहेब देवासचे. 1954 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, 1959 साली ते गेले. निवृत्तीबुवा सरनाईक, कृष्णराव मुजुमदार यांच्यासारखे मराठी गायक त्यांच्याकडे शिकले. लताबाईंना गाणे शिकवणारे अमानत खाँ हे 'देवासवाले' म्हणूनच ओळखले गेले.

धारकडे पाहा. मुंबईला गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा जो पुतळा उभा आहे, तो घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. ते धारला आले ते कायमचे इथलेच झाले. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खंडेराव टेकडीवरचा फडके स्टुडिओ धारच्या माणसाला दाखवावा लागत नाही. पण धारच्या शाळेतल्या किती मुलांनी तो आतून पाहिला आहे, हे धारच्या पाहुण्यांनीच सांगावे. ज्या टिळकांनी 1893 साली घरातला गणपती चौकात आणला, त्यांचा पुतळा घडवणारा माणूस आपल्या गावात राहिला. 'सार्वजनिक' हा शब्द आपण उत्सवाच्या पाटीवर लिहितो. त्याचा अर्थ दाराशी पाळायला हवा.

आता 1948 कडे येऊ. संस्थाने गेली त्याच वर्षी क्षयाने आजारी असलेला चोवीस वर्षांच्या आतला एक गवई हवापालटासाठी देवासला आला. कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, कानडी घरातला, मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकलेला. गाणे बंद. काही वर्षे अंथरुणावर पडून राहणे एवढेच. त्या काळात त्यांच्या कानावर काय पडले? रस्त्याने जाणाऱ्या नाथजोग्यांची निर्गुणी भजने, लग्नाकार्यात बायका म्हणत ती माळवी गाणी, सणासुदीची गाणी. ह्यातले काही तिकीट काढून ऐकलेले नव्हते आणि कोणी निमंत्रणपत्रिका छापलेली नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन आले, प्रकृती सुधारली, 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा ते सगळे त्यांच्या गाण्यात उतरले होते. पुढे 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' झाले, 'मला उमजलेले बालगंधर्व' झाले, कबीर झाला, तुकाराम झाला. जन्माने कानडी, शिक्षणाने मराठी मुलखातला, घर माळव्यात. टेकडीच्या पायथ्याच्या 'भानुकुल'मध्ये पाती नव्हती. 12 जानेवारी 1992 रोजी ते देवासलाच गेले.

त्यांच्या नावाचा समारोह सरकार देवासला भरवते. चांगली गोष्ट आहे. पण वर्षातून एकदा येणारा मोठा गवई आणि दर महिन्याला गल्लीत भेटणारे गाणे, यांत फरक आहे. सणाला पुरणपोळी खाऊन वर्षभराची भूक भागत नाही.

दर महिन्याची दोन तारीख

आता मुख्य मुद्दा. असा दरमहाचा विनामूल्य मेळ देवासमध्ये होऊन गेला आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला.

शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या 'एकलव्य' संस्थेच्या देवास केंद्राने 1991 साली 'कबीर भजन एवं विचार मंच' सुरू केला. पद्धत साधी. दर महिन्याच्या दोन तारखेला आसपासच्या गावांतल्या भजनमंडळ्यांनी संस्थेच्या कार्यालयात जमायचे. तंबुरा, ढोलक, मंजिरा, करताल घेऊन रात्रभर गायचे आणि मधे थांबून गायलेल्या भजनांवर बोलायचे. कबीर जातीबद्दल काय म्हणतो, गुरुबाजीबद्दल काय म्हणतो, आणि आपण घरी काय करतो? गाणारे बहुतेक दलित समाजातले, मजुरी करणारे, थोडी शेती असणारे. 1998 पर्यंत हा क्रम चालला. अमेरिकेतल्या कबीराच्या अभ्यासक लिंडा हेस यांनी आपल्या 2015 सालच्या ग्रंथात ह्या मंचाची सविस्तर हकिकत दिली आहे. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बाईंना ठाऊक, आणि चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आम्हाला नाही!

ह्याच माळव्यातल्या कबीरगायकांपैकी प्रह्लादसिंह टिपान्या यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. आपल्या देवास जिल्ह्यातल्या कालूराम बामनिया यांना 2024 साली मिळाली. सन्मान जाहीर झाले की आपण टाळ्या वाजवतो. पण आपल्या सभागृहाच्या सतरंजीवर त्या परंपरेतला एक तरी तंबुरा कधी वाजला का?

त्या मंचापासून शिकण्यासारख्या तीन गोष्टी मला दिसतात. पहिली, तारीख ठरलेली. दोन तारीख म्हणजे दोन तारीख. ज्याला यायचे त्याला निमंत्रण लागत नाही, तो पंचांगात नव्हे तर डोक्यात तारीख ठेवतो. दुसरी, गाणारा आणि ऐकणारा यांत उंच व्यासपीठ नाही. आज ऐकायला आलेला उद्या गायला बसतो. तिसरी, गाण्याबरोबर बोलणे. नुसती करमणूक झाली की माणूस घरी जातो. बोलणे झाले की पुढच्या महिन्याला परत येतो.

गंमत अशी की त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत, फिलाडेल्फियासारख्या शहरांत असाच विचार रुजला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शहराच्या जुन्या पेठेतली चित्रांची दालने संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवायची, प्रवेश विनामूल्य, रस्त्यावर वादक, आणि लोक कुटुंबासह हिंडताहेत. आपली मुले-सुना तिकडे आहेत, त्यांनी ते पाहिले असेल. तिथे तो पेठेला जाग आणण्याचा उपाय होता. आपल्याकडे तो माणसांना एकमेकांची ओळख करून देण्याचा होऊ शकतो.

आक्षेप आणि उत्तरे

हा विषय मी कार्यकारिणीत काढला तेव्हा तीन आक्षेप आले. ते प्रामाणिक होते, म्हणून प्रामाणिक उत्तरे देतो.

पहिला आक्षेप: दार सगळ्यांना उघडले तर मराठीचे काय? आपली मुले आधीच हिंदीत बोलतात. बंधूंनो, मुले हिंदीत बोलतात ती दार बंद असतानाच बोलू लागली. बंद दाराने मराठी राखली असती तर आज ही चिंता उरली नसती. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण पेढे वाटले. दर्जा दिल्लीत मिळतो, भाषा घरात आणि चौकात टिकते. आपल्या मुलीच्या मैत्रिणीने अभंग ऐकला आणि अर्थ विचारला, तर तो सांगण्यासाठी आपल्या मुलीला आधी तो समजून घ्यावा लागेल. मराठी शिकायला याहून चांगले कारण मला सुचत नाही.

एक उदाहरण देतो. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, रोज नवी आकृती आणि रोज गाणी. पितृपक्ष संपला की संजा संपते. आणि लगेच घटस्थापनेला आपल्याकडे पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर सुरू होतो. एकीकडे सासरच्या तक्रारी गाण्यात, दुसरीकडेही त्याच! ह्या दोन गाण्यांच्या मधे एका रात्रीचे अंतर आहे. त्या आठवड्यातल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या मुली एका अंगणात आल्या तर कोणाची संस्कृती बुडेल?

दुसरा आक्षेप: पैसा कुठून आणायचा? इथे मी स्पष्ट बोलतो. विनामूल्य म्हणजे ऐकणाऱ्याला विनामूल्य. कलावंताला फुकट राबवायचे नाही. ढोलक घेऊन खेड्यातून येणाऱ्या माणसाला येण्याजाण्याचे भाडे, जेवण आणि पाकिटात काही रक्कम सन्मानाने द्यायची. खर्च खरा कशावर होतो ते आपल्या मागच्या हिशेबात पाहा: हार, शाली, स्मृतिचिन्हे, फ्लेक्स, पाहुण्यांची सरबराई. हे सगळे वगळा. सतरंजी आपली, ध्वनिक्षेपक आपला, चहा आपला. वर्षाच्या बारा संध्याकाळी बारा घरांनी वाटून घ्यायच्या. झोळी फिरवायची नाही, कारण झोळी फिरली की खिशात काही नसलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही.

इंदूरमध्ये सानंद न्यासाने सभासदांच्या बळावर मराठी नाटकांची परंपरा टिकवली आहे, आपल्यातले काही जण देवासहून पस्तीस किलोमीटर जाऊन ती नाटके पाहतात. त्या कामाबद्दल आदर आहे. पण मोठे नाटक आणणे हे एक काम आणि गावातल्या माणसाला गावासमोर बसवणे हे दुसरे. आपल्याला दुसरे करायचे आहे.

तिसरा आक्षेप: ह्यात राजकारण शिरेल. मी म्हणतो, राजकारण आहेच, पण ते पक्षाचे नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी 1993 पासून अमलात आली, राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांची ती यादी आहे. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्याबरोबर तेरावा विषय आहे तो सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देण्याचा. म्हणजे देवास महानगरपालिकेकडे किंवा धार नगरपालिकेकडे महिन्यातून एका संध्याकाळसाठी जागा आणि दिवाबत्ती मागणे ही कृपा मागणे नव्हे. आपण कर भरतो, त्या करातल्या एका कलमाची आठवण करून देणे आहे.

आणि मागताना 'मराठी समाजासाठी' म्हणून मागू नका. आजवर आपण तसेच मागत आलो. निवडणुका आल्या की उमेदवार येतात, मराठी मतांचा अंदाज घेतात, आश्वासन देतात. मतांची मोजणी झाली की आपली मोजदाद संपते. घटनेच्या एकोणतिसाव्या कलमाने आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, तो कुणी काढून घेतलेला नाही. पण गावाला आपण काय देतो, यावर आपली जागा ठरते. 'पूरे शहर के लिए' असे म्हणून अर्ज घेऊन जा, आणि अर्जावर कबीरमंडळीच्या माणसाची, कव्वालाची, शाळेच्या चित्रकला शिक्षकाची सही आपल्या सहीच्या शेजारी असू द्या. मग बघा, अर्ज टेबलावर किती दिवस पडून राहतो.

धारच्या मंडळींना

धारच्या पाहुण्यांना वेगळे सांगायचे आहे. धारला गाण्यापेक्षा हाताची कला मोठी आहे. फडक्यांनी उभी केलेली कलाशिक्षणाची परंपरा आहे. त्याच जिल्ह्यात बाघ आहे, जिथल्या लेण्यांतली चित्रे दीड हजार वर्षांच्या घरातली आहेत आणि जिथले खत्री कारागीर आजही लाकडी ठशांनी कापड छापतात. जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे. ढोल-मांदळ बघायला आपण भगोरियाला जातो, फोटो काढतो आणि परत येतो.

तुमच्या संध्याकाळी ठसे मारणारा कारागीर बसवा, मुलांना हातरुमालावर एक ठसा मारू द्या. मातीकाम करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर एखाद्या आजोबांना बसवा, तो त्यांचा मुखवटा घडवील, बाकीचे बघतील. धारच्या नावाने अलीकडे वर्तमानपत्रांत ज्या बातम्या येतात त्या कोर्टाच्या आणि बंदोबस्ताच्या असतात. त्या वादात मी जात नाही, ते न्यायालय बघेल. पण ज्या गावात माणसे एकमेकांना फक्त बंदोबस्तात पाहतात, तिथे महिन्यातून एकदा सतरंजीवर शेजारी शेजारी बसलेली दिसणे, हे लहान काम नाही.

ठराव

तर ठराव असा. एक: देवास आणि धार, दोन्ही ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ सर्व नागरिकांसाठी विनामूल्य कलेची असावी. देवाससाठी मी दोन तारीख सुचवतो, ज्यांनी आधी ती पाळली त्यांच्या आठवणीसाठी. धारने आपली तारीख ठरवावी, पण एकदा ठरली की बदलू नये. दोन: जागा गावाच्या मध्यावर असावी, जिथे म्हातारा माणूस पायी येऊ शकेल. पहिले तीन महिने आपले सभागृह वापरावे, त्या दिवशी लग्नाचे भाडे आले तरी घेऊ नये. तीन: सुरुवात सातला, शेवट साडेनऊला. दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे आणि दुसऱ्या दिवशी मुलांची शाळाही असते. चार: प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, कोणत्याही पक्षाचा फलक नाही. पाच: दर संध्याकाळी निदान एक मराठी रचना आणि निदान एक आपल्या समाजाबाहेरचा कलावंत. सहा: एक वर्ष चालवून मग हिशेब मांडावा. पहिल्या महिन्याला वीस माणसे आली तर निराश होऊ नये.

अध्यक्ष महोदय, शेवटचे एक मागणे वैयक्तिक आहे. हा ठराव मंजूर झाला, तर पहिल्या संध्याकाळी दारावर उभे राहण्याचे काम पुन्हा मला द्या. त्या मुलाचे नाव मी विचारले नव्हते, त्यामुळे आता शोधता येणार नाही. तो आज तिशी-पस्तिशीचा असेल. त्या दिवशी फाटकाशी कोणी थबकले, तर ह्या वेळी मी "आओ, बैठो" म्हणेन आणि पुढच्या रांगेत जागा करून देईन.